डावा पीळ

तारेचा पीळ डावीकडे वळत गेला होता, आणि तो दिसला तसा प्रणेश नवी तार ओढायचं विसरून गेला. शिडीच्या सहाव्या पायरीवर तो उभा होता, कमरेपासून वर सगळा छताच्या आत, आणि खाली इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या वॉर्डात छताचं काम करणारे लोक आपसात कानडीत काहीतरी बोलून हसत होते. टॉर्च त्यानं दातांत धरली होती. तिच्या उजेडात हवेच्या जाड डक्टला चिकटून एक जुनी, वापरातून गेलेली तार दिसत होती, आणि तिच्या मध्यावर करंगळीएवढा एक जोड. वरची टेप सुटून लोंबत होती. आतलं तांबं हिरवं पडलं होतं, देवघरातल्या न घासलेल्या पंचपात्रासारखं. उजव्या हाताचा माणूस तार पिळतो तेव्हा वेढे एका अंगाला झुकतात, डावखुऱ्याचे दुसऱ्या. एरवी हे कुणी बघतसुद्धा नाही. पण तो कामाला होता त्या विजयेंद्ररावांच्या एसीच्या फर्ममध्ये आजवर तीसेक माणसं आली-गेली असतील, त्यांत डावखुरा एकच होता, प्रणेश स्वतः. लहानपणी बसवकल्याणला वडिलांनी, नरसिंह मास्तरांनी, पट्टीनं बोटं फोडून काढून त्याला उजव्या हातानं लिहायला लावलं होतं, जेवायला लावलं होतं. पण स्क्रूड्रायव्हर हातात येईपर्यंत वडिलांचं राज्य संपलं होतं. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, तार, सगळं तो डाव्या हातानंच धरायचा.

खरं म्हणजे काम संपलेलं होतं. सकाळी इस्पितळातून फोन आला की तिसऱ्या मजल्याच्या सगळ्या खोल्यांतले एसी बंद पडलेत आणि रिमोटवर एकच आकडा लुकलुकतोय. तो आकडा त्याला पाठ होता: संपर्क तुटला. गच्चीवर एक मोठं यंत्र आणि खाली खोल्याखोल्यांत त्याची अकरा पिल्लं, अशी ही रचना. गच्चीपासून पहिल्या खोलीत, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या अशी एक दोनपदरी बारीक तार ओवत नेलेली असते. तिच्यावरून वरचं यंत्र प्रत्येक खोलीला घडीघडीला हाक मारतं, आणि खोलीनं आपला नंबर सांगून ओ द्यायची असते. एकीनं जरी ओ दिली नाही तरी वरचं थोडा वेळ वाट बघतं आणि मग सगळ्यांनाच थांबवून टाकतं. अशा वेळी नवशिकी माणसं एकेक खोली उघडत बसतात. प्रणेशनं मधल्या खोलीत जाऊन तार सोडवली, गच्चीकडची बाजू बोलती आहे का पाहिलं, बोलती होती. मग उरलेल्या निम्म्याचं पुन्हा निम्मं केलं. वीस मिनिटांत तो सहा आणि सात नंबरच्या खोल्यांच्या मध्ये येऊन ठेपला. छत उघडंच होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यानं स्वतः ओढलेली तार उंदरांनी कुरतडली होती. नवा तुकडा घालायचा, दोन्ही टोकं खोल्यांतल्या पेट्यांतच आवळायची, मध्ये जोड ठेवायचा नाही, झालं. ‘निम्म्याचं निम्मं करत जा, देव पण सापडंल,’ असं फर्ममधला आधीचा मुख्य कारागीर तानाजी म्हणायचा. ही युक्ती त्यानंच शिकवलेली. तिच्यासकट तानाजीचं नाव मनात आलं, आणि नवी तार ओढण्यासाठी प्रणेशनं मान वळवली तर शेजारी ती जुनी तार होती.

नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यात हेच झालं होतं. कलबुर्गीचा, म्हणजे गुलबर्ग्याचा, मे. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, दुपारी पाखरूसुद्धा आवाज करत नव्हतं. बाळंतिणींच्या या मजल्यावरच्या अकराच्या अकरा खोल्या भर दुपारी थांबल्या. खिडक्या न उघडणाऱ्या, काचेच्या. आदल्या रात्री बाळंत झालेली एक पोर बेशुद्ध पडली, तिचं बाळ तापलं, त्याला दुसऱ्या इस्पितळात हलवावं लागलं. पुढं दोघंही बरी झाली, पण ते संध्याकाळी कळलं; दुपारी तिच्या माणसांनी खालच्या काउंटरची काच फोडली होती. प्रणेश आणि तानाजी वर तारा तपासत होते. सहा आणि सातच्या मध्ये तार खाल्ल्यासारखी गप्प होती. छत पक्कं बंद, वर माणूस जाईल असं दारही कुठं ठेवलेलं नव्हतं, आणि बाळंतिणींच्या डोक्यावर छत फोडायला इस्पितळ चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई तयार नव्हत्या. तेव्हा प्रणेशनं तो तुकडा दोन्हीकडून तोडून टाकला आणि पॅसेजमधल्या दिव्यांच्या वरून नवी तार फिरवून नेली. तासाभरात गार हवा आली. वरती काय झालं असेल हे त्या धंद्यातल्या कुणालाही कळण्यासारखं होतं: कुणीतरी तार कमी पडली म्हणून मध्येच जोड मारला असणार, जोडाला डक्टचं पाणी सुटलं असणार. पावणेदोन वर्षं तो ओलसर जोड कसाबसा चालला आणि त्या उन्हाळ्यात बसला.

मग खालचा तो हॉल. फुटलेली काच, तिच्यावर कुणाचं तरी पाऊल पडून झालेला करकर आवाज, पोरीचा बाप की चुलता, एक उंच माणूस, पांढऱ्या शर्टाला घामाचे नकाशे पडलेले. विजयेंद्रराव घाईघाईनं आले होते. त्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, “तिसरा मजला कुणी केला होता?” विचारलं सगळ्यांना, पण बघत होते प्रणेशकडे. त्यात काही विशेष नव्हतं, ते नेहमीच त्याच्याकडे बघून बोलायचे. प्रणेशची आई आणि विजयेंद्ररावांच्या आई सुमतीबाई एकाच गावच्या, मठ एक, सणावाराला जाणंयेणं. त्याला ‘अरे प्रणेश’ म्हणणारे ते, तानाजीला मात्र आठ वर्षं हाताखाली काम करूनही त्याच्या तालुक्याच्या नावानं ‘ए भालकी’ म्हणायचे. आणि प्रणेश म्हणाला, “तिसरा तानाजीअण्णाचा.” कामाच्या कागदावर तसंच होतं. दुसरा मजला प्रणेश, तिसरा तानाजी. तो खोटं बोलला नव्हता. तानाजीनं मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, क्षणभर डोळे बारीक करून काहीतरी आठवल्यासारखं केलं आणि म्हणाला, “व्हय. माझाच.” तेवढ्यात तो उंच माणूस पुढं झाला आणि त्यानं तानाजीच्या थोबाडीत मारली. त्या आवाजानं एका आयाच्या हातातली बादली हिंदकळली. विजयेंद्रराव मध्ये पडले नाहीत. प्रणेशही पडला नाही. तानाजीनं गालाला हात लावला नाही. त्यानं खांद्यावरची हत्यारांची पिशवी काढून काउंटरवर, फुटलेल्या काचेच्या कडेला ठेवली आणि चालत बाहेर, उन्हात निघून गेला. नंतर फर्ममध्ये बोललं जायचं की तो पिऊन काम करायचा. कोण पहिल्यांदा म्हणालं ते प्रणेशला आठवत नव्हतं. आपण म्हणालो नव्हतो एवढं त्याला नक्की वाटत होतं, शिडीच्या सहाव्या पायरीवर उभं राहून आता तेही नक्की वाटेना.

कारण आता समोर तो जोड होता, आणि त्याच्या मागोमाग त्या मे महिन्याच्याही पावणेदोन वर्षं आधीची एक दुपार हळूहळू वर येत होती. विहिरीतून बादली येते तशी, आधी नुसता दोर हलतो. इमारत नवी. छतवाले घाई करत होते, छताच्या पाट्या बसवायच्या, संध्याकाळच्या आत मजला बंद करायचा. तानाजीचा फोन वाजला. गावाकडनं, मेहकरहून. त्याच्या पोरीला, मंगलला, विंचू चावला होता. दहा वर्षांची असेल. तानाजीचा चेहरा एकदम वितळल्यासारखा झाला, त्यानं शिडीवरूनच विचारलं, “प्रणेश, एवढं बघशील काय रं? सहा-सात ऱ्हायलंय.” आणि प्रणेश म्हणाला, जा तू, बघतो मी. एवढंच. मग तो शिडीवर चढला असणार. तार हातभर कमी पडली असणार. नवी गुंडाळी खाली गाडीत होती, तीन मजले खाली, आणि छतवाला पाटी हातात धरून उभा होता. असणार, असणार. त्याला स्वतःचा हात दिसत नव्हता. दिसत होता तानाजी, पायऱ्या उतरताना एका हातानं पायजम्याची घडी सावरणारा. जोड मारल्याचं मात्र काहीच आठवत नव्हतं, ना टेप, ना पक्कड, ना डक्टचा गारवा. दुसऱ्या दिवशी आपण तानाजीला ‘झालं’ म्हणून सांगितलं असणार आणि तोही ‘पोरगी बरी हाय’ म्हणाला असणार. नंतरच्या पावणेदोन वर्षांत कितीक मजले, कितीक तारा. हे आपण विसरलो होतो, की विसरून टाकलं होतं? त्या हॉलमध्ये विजयेंद्ररावांनी विचारलं तेव्हा आत कुठंतरी काही हललं होतं का? प्रणेशनं डोळे मिटून त्या क्षणात पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं. प्रत्येक खेपेला तो हॉल थोडा निराळा दिसला. एका खेपेला आपण बोलण्याआधी थांबलो होतो असं दिसलं, दुसऱ्या खेपेला अजिबात थांबलो नव्हतो. खालून छतवाल्यानं शिडीवर थाप मारली, “साब, हो गया क्या?” दातांतली टॉर्च लाळेनं ओली झाली होती. प्रणेशनं जोडासकट वीतभर तार कापली आणि खिशात घातली.

अकरा खोल्या चालू झाल्या. एकेका खोलीत जाऊन त्यानं हात वर धरून हवा पाहिली, रिमोट पाहिला, वहीत खूण केली. सुपर मार्केट भागातल्या ऑफिसात गेला तेव्हा विजयेंद्रराव चष्मा कपाळावर चढवून कुणाशी तरी फोनवर बोलत होते. ते आता जाड झाले होते, डाव्या गुडघ्याला पट्टा बांधत. फोन ठेवून म्हणाले, “झालं ना? काय होतं?”

“उंदीर.”

“तेच लिही रिपोर्टात. डॉक्टरीणबाई नवी विंग काढतायत, ते काम आपल्यालाच द्यायचं म्हणतायत.”

प्रणेशनं खिशातून तो तुकडा काढला आणि त्यांच्या टेबलावर, काचेखालच्या देवाच्या फोटोवर ठेवला. “जुनी तारही सापडली. नऊ वर्षांपूर्वीची. तो जोड तानाजीचा नव्हता, माझा होता.”

विजयेंद्ररावांनी चष्मा खाली ओढला. तुकडा बघितला, हात लावला नाही. मग खरोखर काही न समजल्यासारखं विचारलं, “कोण तानाजी?”

“आपल्याकडं होता. मेहकरचा. आठ वर्षं.”

“मेहकरचा... अच्छा, तो भालकी! पिऊन यायचा तो?”

“पीत नव्हता तो.”

“मग पिणारा कोण होता?” ते आठवू लागले, मनापासून आठवू लागले, आणि हे प्रणेशला जास्त लागलं. त्या माणसानं आपल्यावर ठपका ठेवला असता, खोटं बोलला असता, सारवासारव केली असती, तर काहीतरी धरायला मिळालं असतं. पण त्यांच्या डोक्यात तानाजीची जागाच नव्हती. “हे बघ प्रणेश,” शेवटी ते समजुतीनं म्हणाले, “नऊ वर्षं झाली. तो आता शेती करत असेल, मजेत असेल. आणि तू काय मुद्दाम केलंस? कामात होतं असं. डॉक्टरीणबाईंकडं काही बोलू नकोस म्हणजे झालं.” मग त्यांनी चहा मागवला. प्रणेशनं तो प्यायला. रिपोर्टात उंदीर लिहिलं. ते खरंच होतं.

आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत त्यानं एका बँकेचं आणि एका कपड्याच्या दुकानाचं काम केलं, आणि प्रत्येक ठिकाणी तार आवळताना त्याचा हात मध्येच थांबायचा, जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे आणि काय करतोय ते बघायला हवं. घरी सुकन्यानं, बायकोनं, दोनदा विचारलं की जेवण का जात नाही. त्यानं सांगितलं की उन्हं वाढलीत. सांगायला हरकत नव्हती. पण तिला सांगितलं की ती म्हणणार, तुमची काय चूक, आणि ते वाक्य ऐकायची त्याला भीती वाटत होती, कारण ते ऐकून बरं वाटलं असतं. त्याच काळात त्याला तानाजीच्या बारीकसारीक गोष्टी आठवत राहिल्या, इतकी वर्षं कुठं होत्या कोण जाणे. कामावर पोचल्यावर तो आधी भिंतीला तळहात लावायचा. भाकरीवर तेल आणि काळा मसाला घेऊन खायचा आणि अर्धी भाकरी न विचारता प्रणेशच्या डब्याच्या झाकणात ठेवायचा. पहिले काही महिने प्रणेशनं ती खाल्ली नव्हती, घरातल्या सोवळ्याची सवय, आणि तानाजीनं ते पाहूनही ठेवणं बंद केलं नव्हतं. पुढं खाऊ लागला. तो गेल्यावर प्रणेशनं त्याला एकदाही फोन केला नव्हता. तानाजी गेला म्हणून प्रणेश मुख्य झाला होता, आणि या दोन गोष्टी त्यानं आजवर शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

रविवारी तो हुमनाबादला उतरून भालकीची बस धरून, पुढं टमटमनं मेहकरला गेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारीची काढणी चालली होती, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या. टमटममध्ये शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं कुणाकडं चाललास म्हणून विचारलं, आणि नाव ऐकून म्हणाला, “तानाजी व्हय? देवमाणूस. पर कुणात मिसळत न्हाई.” घर गावाच्या कडेला होतं, पत्र्याचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. तानाजी ओट्यावर बसून कणसं बडवायच्या मोगरीला नवा दांडा बसवत होता. केस सगळे पांढरे झाले होते. त्यानं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

“प्रणेश न्हवं का तू?”

“हो, अण्णा.”

“बस की. कवा निघालास? अंबिके, च्या ठेव. गुलबर्ग्याचं पाव्हणं आलंय.” आवाजात कसलाही राग नव्हता. त्यानं वडिलांची चौकशी केली, मास्तर गेले हे ऐकून चक् केलं, पोरं किती विचारलं. आत अंधार होता, त्याची बायको अंबिका चूल पेटवताना दिसत होती, आणि तिनं तिथूनच हसत सांगितलं, “भाऊजी, आत या म्हटलं असतं, पर दिवा जळायला न्हाई. चार दिस झाले. यानला म्हटलं बघा जरा, तर हात लावत न्हाईत. भालकीचा माणूस आल्याशिवाय आमच्या घरी उजेड न्हाई. पाण्याच्या मोटारीचं बी तसंच.” तानाजी दांड्यावर ठोकत राहिला.

बसमध्ये प्रणेशनं वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांतलं एकही आलं नाही. “अण्णा, तिसऱ्या मजल्याचा तो जोड तुझा नव्हता,” तो म्हणाला. “माझा होता. छत उघडलंय आता. मी बघितला.”

तानाजीनं ठोकणं थांबवलं. “कंचा जोड?”

“सहा आणि सातच्या मधला.”

“तो माझा व्हता.”

“नाही अण्णा. पीळ डावा आहे.”

“काय बोलायलास तू?” तानाजीचा आवाज चढला नाही, पण त्यात एक चमत्कारिक खात्री आली. “मला दिसतंय की अजून. शिडी हलत व्हती, खालची फरशी एका बाजूनं उचललेली. डक्टला माझी पाठ लागली व्हती, गार. तार हातभर कमी आली. मी म्हटलं, खाली कुठं जाऊ आता, मारतो जोड. टेप दातानं तोडली, तिचा वास बी आठवतोय. म्या केलं ते. नऊ वर्षं रोज बघायलोय मी ते. आन् तू सांगतोस न्हाई म्हनून?”

प्रणेश ऐकत होता. त्या दुपारी शिडीवर तो स्वतः होता आणि त्याच्याकडे तिचं काहीच नव्हतं. तानाजी तिथं नव्हता आणि त्याच्याकडे सगळं होतं, शिडीखालच्या फरशीपर्यंत. एक क्षण त्याला वाटलं, असूही दे. तसंच असू दे. पीळ काय, चुकीचा पाहिला असेल, नमस्कार करावा आणि टमटमला जाऊन बसावं. आणि मग त्याला उमगलं की त्या दिवशी हॉलमध्येही त्यानं असंच केलं असणार. आत काहीतरी हललं असणार आणि त्यानं म्हटलं असणार, असू दे.

“त्या दिवशी तू इथं आला होतास, अण्णा,” तो म्हणाला. “मंगलला विंचू चावला होता. तू मला म्हणालास, सहा-सात राहिलंय, बघ. आणि गेलास.”

“जोड मारूनच निघालो म्या, सांजच्याला.”

अंबिका दारात येऊन उभी होती. तिच्या हातात स्टीलच्या थाळीत दोन कप. “विंचू चावला त्यो दिस म्हणतायत का?” ती म्हणाली. “त्या दिशी तर तुम्ही दिस मावळायच्या आत आलता. भाकरीचा डबा बी तसाच, उघडलेला न्हवता. मी पोरीच्या पायाला चुना लावून बसले व्हते.”

“मग दुसऱ्या दिशी सकाळी गेलो आन् केलं.”

“कुठं गेला? पोरगी तुमचं बोट सोडंना. तीन दिस तुम्ही घरीच व्हता. फोन आलता तिकडनं, तिसरा मजला झाकला म्हनून. मीच घेतलता.” ती त्याच्याकडे, मग प्रणेशकडे पाहू लागली. “का बरं? काय झालं?”

तानाजी मोगरीचा दांडा दोन्ही हातांत धरून बसला होता. त्याचे ओठ हलत होते. तो दिवस मोजत होता की शिडीवर चढत होता, कुणाला ठाऊक. अंगणात एक कोंबडी आली, तिनं कणसाचे दाणे टिपले, गेली. मग त्यानं विचारलं, “तू कामून आलास?”

“सांगायला.”

“कुणाला हलकं वाटावं म्हनून?”

चहाचा कप अंबिकेनं प्रणेशच्या हातात दिला होता, तो त्यानं धरून ठेवला होता, एवढंच.

“मंगलला भालकीला आयटीआयला जायचं व्हतं,” तानाजी म्हणाला. तो आता प्रणेशशी बोलत नव्हता, अंगणाशी बोलत असल्यासारखा होता. “वायरिंगच्या कामाला. फारम आणला व्हता तिनं, शाळेच्या मास्तराकडनं भरून. लई हुशार. घरातला रेडिओ खोलून जोडायची. मी म्हटलं, बाई, आपल्या हाताला ते काम लाभत न्हाई. आपल्या हातानं एखाद्याचं लेकरू जाईल. फारम मीच फाडला. रडली न्हाई ती. दोन साल घरात बसली, मग औरादकडं दिली. सासरी शेळ्या राखती.” तो थांबला. मग बायकोकडे वळून, जणू तिला निरोप सांगायचा राहिला होता अशा साध्या आवाजात, म्हणाला, “अंबिके, ते माझं न्हवतं म्हनं. ह्यो सांगायलाय.”

अंबिकेनं थाळी खाली ठेवली. ती उंबऱ्यावर बसली, पदर तोंडाशी नेला, आणि मग तो तसाच सोडून देऊन तिनं मोठ्यानं गळा काढला. प्रणेशनं तसा आवाज फक्त मयताच्या घरी ऐकला होता. तिनं त्यात नाव घेतलं नाही कुणाचं, शिव्या दिल्या नाहीत, नुसता तो लांब, चढत जाणारा आवाज, मध्ये श्वास, आणि पुन्हा. तानाजीनं तिला गप्प केलं नाही. प्रणेश उठून उभा राहिला, कुठं जावं ते त्याला कळेना. पाया पडावं तर तानाजीचे पाय मांडीखाली दुमडलेले होते, आणि तो त्याच्याकडे बघतच नव्हता.

शेजारच्या घरातून एक म्हातारी धावत आली, सुशीलाबाई, हाताला भाकरीचं पीठ तसंच. “काय झालं वं अंबिके? कोण गेलं?” ती ओरडली. मग अनोळखी, शहरी कपड्यातला माणूस बघून तिचा समज पक्का झाला, कुठूनतरी निरोप घेऊन आलेला. “मंगलला काय झालं काय? बोला की कुणीतरी! कोण गेलं?”

“कोन न्हाई, अक्का,” तानाजी म्हणाला. “जुनंच हाय. लई दिस झाले.”

म्हातारीला ते पटलं नाही. ती उंबऱ्याशी अंबिकेच्या शेजारी खाली बसली, पिठाच्या हातांनी तिचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं, आणि कुणासाठी ते न कळताच तीही रडू लागली. गल्लीतून आणखी दोघी डोक्यावर पदर घेत येत होत्या.